शेजार मागणारी काकी

सोबतकाकी माफी आधी मागायची आणि गुन्हा नंतर व्हायचा. आगबोटीच्या डेकवर आमची चटई पसरून झाली, बोचकी कडेला लागली, की पदर खोचून ती फणसपोळीचा डबा घेई आणि आजूबाजूच्या प्रत्येक बिऱ्हाडाकडे जाई. "दादा, आमच्यासंगती तीन पोरां हायत. मोठी भांडते, मधल्याला बोट लागते, तान्ही रडते. संध्याकाळपर्यंत सांभाळून घ्या." मग फणसपोळीचा तुकडा हातावर. याला ती 'शेजार मागणं' म्हणायची. मी लाजेनं तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसे. माझ्या मुलांची अशी दवंडी पिटायचं कारण काय, हे मला कळत नसे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझे यजमान मुंबईला छापखान्यात होते आणि मी वर्षातून दोनदा रत्नागिरीहून मुंबईला आणि मुंबईहून रत्नागिरीला पोरं वाहत असे. 'वाहत' हाच शब्द बरोबर आहे. बंदरावर तासन् तास उन्हात बसायचं, पडावातून हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं, हलत्या शिडीवर एक पोर काखेला, एक हाताला आणि एक खलाशाच्या खांद्यावर. वर पोचेपर्यंत जीव अर्धा झालेला असे आणि खरा प्रवास तर अजून सुरूच व्हायचा असे. एकट्या बाईनं असं जायची पद्धत नव्हती, सोबत बघावी लागे. आमच्या वाडीत सोबत म्हणजे काकी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, वाडीच्या टोकाला दोन खणांचं पेंढ्यानं शाकारलेलं घर. लोकांच्या लेकीसुनांना मुंबईला पोचवायचं आणि मिळेल त्या बोटीनं परत यायचं, यातच तिची वर्षं गेली.

तिचे बोटीवरचे कायदे पक्के होते. चटई आपल्या माणसांपुरतीच पसरायची, उद्या येणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्हे. ओकारी आली तर पोराला वाऱ्याची दिशा बघून धरायचं. ओली लंगोटी कुणाच्या डोक्यावर वाळत घालायची नाही. एकदा जयगडला चढलेल्या एका गृहस्थांनी माझ्या रडणाऱ्या पोरीवर डोळे वटारले. काकी म्हणाली, "बाबा, तुमीपण असेच रडत आला असाल मुंबईला. फक्त तवा तुमची आई होती म्हणून आठवत नाय." गृहस्थ हसले आणि फणसपोळीचा दुसरा तुकडा मागून घेतला. मला मात्र ती कधीही पाठीशी घालत नसे. "पोर रडतं त्याला इलाज नाय गो. पण तू बसल्या जागी त्याला गप म्हणतंस, त्याला इलाज हाय. ऊठ, फिरव त्याला." मी उठायची. पाय दुखत असायचे, डोळे मिटत असायचे, तरी उठायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझी निघायची वेळ आली. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटी चालू होत्या. त्या चुकल्या की नारळी पौर्णिमा होईपर्यंत दर्या बंद, म्हणजे मला तीन महिने सासरीच राहावं लागणार. सासरचं माणूस वाईट नव्हतं, पण तीन पोरं आणि घरभर कामं यांनी मी पिचून गेले होते. नवऱ्याजवळ, माझ्या एका खोलीत, कधी एकदा जाऊन पडते असं झालं होतं. काकी यायला नाखूश होती. तिचं घर शाकारायचं राहिलं होतं, नवा पेंढा आणून अंगणात रचून ठेवला होता. मी फार गयावया केली तेव्हा म्हणाली, "बरं. तीन दिवसांनी परतीची शेवटची बोट हाय, तिनं येते. आल्या आल्या गडी लावून शाकारून घेते."

निघायच्या आधी दहा दिवस माझ्या मधल्याला, वसंताला, खोकला लागला होता. कसला खोकला ते मला ठाऊक होतं. शेजारच्या वाडीत दोन मुलांना डांग्या खोकला झाला होता आणि वसंता त्यांच्यात खेळून आला होता. काकीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर्दी झालीय थोडी." सकाळी निघताना त्याला खडीसाखर आणि ज्येष्ठमध चघळायला दिलं आणि वाटेत गप्प बस म्हणून बजावलं.

बोटीवर काकीनं नेहमीप्रमाणे शेजार मागितला. वसंताबद्दल सांगितलं, "मधल्याला जरा सर्दी हाय." पलीकडच्या चटईवर नाटे गावची एक बाई होती, मागच्या बंदरावर चढलेली. तिचा नवरा माझगावात खलाशी होता. तिच्याजवळ दोन वर्षांची मुलगी, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. काकीनंच वसंताला आणि तिला एकत्र बसवलं. "पोरां एकमेकांत रमली तर आयांना पाठ टेकता येते," म्हणाली. मी खरंच पाठ टेकली. दोघं एका भांड्यातून पाणी पीत होती ते मी पाहिलं. उठावंसं वाटलं, पण उठले नाही. किती दिवसांनी कुणी माझ्या अंगावर लोंबकळत नव्हतं.

जयगड सोडलं आणि वसंताला उबळ आली. त्या खोकल्यानंतर श्वास आत घेतानाचा आवाज ज्यानं एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. डेकवरचं बोलणं थांबलं. काकीनं माझ्याकडे बघितलं.

"किती दिस झाले?"

"दहा."

"सर्दी म्हणाली व्हतीस मला."

"बोट चुकली असती, काकी."

ती उठली आणि जिथे जिथे शेजार मागितला होता तिथे तिथे पुन्हा गेली. या वेळी हातात डबा नव्हता. "दादा, मी तुमाला सर्दी सांगितली, ती सर्दी नाय, डांग्या खोकला हाय. पोरां लांब घ्या." मी चटईवर बसून ऐकत होते. कुणी शिव्या घातल्या. नाट्याच्या बाईनं मुलगी उचलली आणि बोचकं ओढत पलीकडे गेली. एकानं आवाज चढवला, "यांना दाभोळला उतरवा." काकी म्हणाली, "उतरवायचं तर मला पयली उतरवा. शब्द माझा व्हता."

कुणी उतरवलं नाही. आम्हीच उठून मागच्या टोकाला, दोरखंडांच्या भेंडोळ्यांजवळ जाऊन बसलो. तिथे सावली नव्हती. प्रत्येक उबळीला काकी वसंताचं कपाळ धरायची आणि पदरानं त्याचं तोंड पुसायची. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मुंबईला पोचल्यावर मी झोपले, अक्षरशः दोन दिवस झोपले. काकी मात्र सकाळी बाहेर पडे ती दिवेलागणीला परत येई. बोटीवर आमच्या आजूबाजूला मुलंवाली पाच बिऱ्हाडं होती. गावांची नावं तिला पाठ होती, त्या त्या गावकऱ्यांच्या खोल्या हुडकत ती चाळीचाळीतून फिरत होती. 'पोराला खोकला लागला काय? लागला तर गरम पाणी पाजा, मोकळ्या हवेत ठेवा, दवाखान्यात न्या.' चार बिऱ्हाडं सापडली. पाचवं, नाट्याचं, सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी परतीची शेवटची बोट होती. काकी त्या वेळी माझगावातच होती.

संध्याकाळी आली तेव्हा मी म्हणाले, "काकी, तुझी बोट."

"वेळ ठाव व्हती मला," म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

कोल्हापूरवरून घाटानं रत्नागिरीला मोटारी जात असत, पण तिला एकटीला कोण पाठवणार? अख्ख्या वाडीला सोबत देणाऱ्या बाईला सोबत मिळाली नाही. तीन महिने ती आमच्या त्या खोलीत राहिली. वसंताचा खोकला दोन महिने चालला, तोही तिनंच काढला. तो बरा झाला. आषाढात गावाहून पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. तिच्या घराची मागची भिंत पावसात बसली होती आणि तिच्यावर आढं आलं होतं. वाचून मी थांबले. काकी तांदूळ निवडत होती.

"पेंढापण भिजून गेला असेल सगळा," एवढंच म्हणाली.

दर्या उघडल्यावर ती गेली ती सावर्ड्याला भावाकडे. भिंत परत उभी राहिली नाही. सोबतीला बोलावणी येत राहिली, तिनं कुणाला हो म्हटलं नाही. "आता शेजार मागवत नाय माझ्याच्यानं," असं सांगायची.

चार वर्षांनी तिचं दुखणं वाढल्याचं कळलं तेव्हा मी सावर्ड्याला गेले. ओटीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसली होती. वसंताची चौकशी केली, मोठी कितवीत गेली ते विचारलं. मग हळूच, "त्या नाट्याच्या पोरीचं काय कळलं काय गो?"

खरं सांगायचं तर मी कधी चौकशीच केली नव्हती. घर, पोरं, पाण्याची रांग, यातून वेळ मिळाला नाही असं मी स्वतःला सांगत असे. तिचा चेहरा बघून मी म्हणाले, "भेटली होती, काकी. बरी आहे मुलगी. दोन वेण्या घालते."

काकीनं उशाशी हात घालून एक हिरवा खण काढला. "तिला दे. परकर शिवायला सांग तिच्या आईला. तुला घर ठाव हाय आता."

तिनं ओळखलं होतं की विश्वास ठेवला होता, हे मला आजही सांगता येत नाही. पंधरा दिवसांनी ती गेल्याचं पत्र मला मुंबईला आलं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं शेजारणीकडे ठेवून, तो हिरवा खण घेऊन मी माझगावात गेले. खलाशांच्या चाळी, अंधारे जिने, खारवलेल्या मासळीचा वास. नाट्याची माणसं कुठे राहतात ते कुणी वर सांगे, कुणी पलीकडे. तिसऱ्या चाळीत एका बाईनं दार उघडलं. ती नाट्याची नव्हती, पण उभी राहून ऐकत होती. मी म्हणाले, "चार वर्षांपूर्वी बोटीत एका मुलीला माझ्या मुलाचा खोकला लागला असेल. डांग्या खोकला होता. मी तो लपवला होता."

"आणि आज विचारायला आलात?" बाई म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "वरच्या मजल्यावर कुणी नाट्याचं आहे का?"