ज्याची मोळी त्यानं बांधायची

मंजुषाचं नाव काढलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. ती नांदूरघाटच्या मंजुळाबाईची पोरगी. मंजुळाबाई अन् मी एकाच टोळीत; दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याकडं जातो. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधती, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिस उठली न्हाई की खाडा, अन् खाडा म्हंजी दंड.

पण आमीबी काय कमी न्हाई. एखादीला ताप आला तर ती कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडून राहायची अन् बाकीच्या तिच्या मोळ्या बांधायच्या. ढीग सगळा एकच, मुकादमाला काय कळतंय! मंजुषा जन्मली तवा मंजुळाबाईच्या मोळ्या आमीच बांधल्या. गड्यांना ठाऊक, पण तेबी तोंड उघडत न्हाईत.

पोरगी हुशार. वसतिगृहात राहून एम.ए. झाली, मानव विकास म्हणे. म्हंजी काय गं, विचारलं तर म्हणाली, कारखान्यात, कंपनीत माणसं कशानं खचतात, कशानं उभी राहतात, त्याचा अभ्यास. मला लई कौतुक वाटलं. म्हटलं, चला, आपल्यातलं कुणीतरी आपल्या बाजूनं बोलंल.

अन् बोललीच की! आमी ज्याचा ऊस तोडतो त्याच कारखान्यातल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबानं विचारलं, माणसं एकजुटीनं कशी काम करतात याचं उदाहरण सांगा. बाईसाहेबांनी आमचंच सांगितलं. आजारी बाईला आमी कसं झाकतो ते सगळं. म्हणून त्यांना दुखण्याची रजा द्या, असंबी म्हणाली म्हणं. साहेबानं मान डोलावली, नोकरी दिली. इकडं आमी पेढे खाल्ले.

पुढच्या हंगामात नियम आला. ज्याची मोळी त्यानंच बांधायची, ढीग वेगळा, दुसऱ्याच्या ढिगाला जो हात लावील त्याला दंड. रजेचं नावच न्हाई. त्याच साली मंजुळाबाईची कंबर पार गेलती. रडत रडत बांधायची, अन् आमी नुसतं बघायचो. जळलं मेलं ते शिक्षण, असं वाटायचं.

एक दिस मंजुषा जीपमधून उसाच्या फडात आली, बायकांचं एकजुटीचं शिबिर घ्यायला. आईची दशा बघितली अन् पांढरीफटक पडली. मी कशाला गप बसू? सगळ्यांसमोर विचारलं, साहेबाला कुणी सांगितलं?

"मावशी, मी रजेसाठी सांगितलं होतं. त्यांनी मला फसवलं."

"त्यानं तुला फसवलं असंल. आमाला तर तूच फसवलंस."

तिनं ओढणी कमरेला खोचली अन् आईची मोळी उचलायला वाकली. तेवढ्यात बंकट मुकादम आला. एरवी शिव्यांशिवाय बोलत न्हाई, पण तिच्याशी लई मऊ बोलला.

"मॅडम, दुसऱ्याच्या ढिगाला हात लावायचा न्हाई. तुमच्याच ऑफिसचा नियम हाय."

मला वाटलं, आता उचलंल. गेली नोकरी तर गेली म्हणंल. मंजुळाबाईलाबी तेच वाटलं असावं, तिनं डोळ्यांचं पाणी पुसलं अन् पोरीकडं बघत उभी राहिली.

मंजुषा सरळ झाली. हात झटकले अन् आमाला म्हणाली, गोल करून बसा.

आमी बसलो. मीबी बसले. मंजुळाबाईची मोळी तिची तिनंच उचलली.