निर्जळी उपास आणि अर्धा लिटर पाणी

"कैंसर है, बहनजी. पर इलाज पूरा है," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा की, घरी गणपती बसवता येतील ना?

शेजारी आमचे हे बसले होते. बँकेतले अधिकारी. कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट त्यांनी उलटा धरला होता आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आम्ही मूळचे कराडचे. यांच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी जयपूरला आलो. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मार्चमध्ये अचानक डाग दिसायला लागले. मी स्वतःच निदान करून मोकळी झाले की ही इथली उष्णता. चार महिने गुलकंद खाल्ला, सब्जा प्यायले, धण्याजिऱ्याचं पाणी प्यायले. यांना सांगितलं नाही, कारण असलं काही नवऱ्याला सांगायचं नसतं असं डोक्यात बसलेलं. बायांनो, पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. गुलकंद नंतर खा.

एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. पंचवीस वेळा रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार (इकडे त्याला 'सिकाई' म्हणतात), सोमवार ते शुक्रवार रोज एक. आठवड्यातून एकदा केमो. शेवटी ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून द्यायचे किरण. यांनी डायरीत पंचवीस चौकोन आखले आणि मी रोज एक काट मारायची असं ठरलं.

माझं रेडिएशन 'इमेज गायडेड अ‍ॅडॅप्टिव्ह' प्रकारचं होतं. नाव ऐकूनच मी खचले. पण डॉक्टरबाईंनी समजावलं ते सोपं होतं. पोटातले अवयव एका जागी बसून राहत नाहीत. मूत्राशय भरतं, रिकामं होतं, आतडी सरकतात, गाठ बारीक होत जाते. म्हणून रोज टेबलावर झोपवून आधी आतलं चित्र घ्यायचं, ते 'इमेज गायडेड'. आणि त्या चित्राप्रमाणे किरण कुठे किती द्यायचे याचा आराखडा त्याच दिवशी, तिथल्या तिथे नव्यानं करायचा, ते 'अ‍ॅडॅप्टिव्ह'. शिंप्यानं जुन्या मापावर न जाता दर वेळी नवं माप घेऊन ब्लाउज बेतावा, तसं.

"मेरी तरफ़ से दो ही शर्तें हैं," त्या म्हणाल्या. "बीच में गैप नहीं होना चाहिए. और ब्लैडर रोज भरा होना चाहिए." मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर राहतात आणि किरणांच्या वाटेतून सुटतात. नाहीतर आतडी भाजायची आणि तो त्रास जन्माचा होऊ शकतो.

त्यामुळे रोजचा नेम ठरला. आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि चाळीस मिनिटं बसायचं. प्रतीक्षागृहात माझ्या एका बाजूला वर्तमानपत्र घेऊन हे, आणि दुसऱ्या बाजूला जवळच्या आमेरहून बसने येणाऱ्या शारदाजी असायच्या. त्यांचाही तोच उपचार. तिसाव्या मिनिटानंतर आम्ही दोघी पाय आवळून बसायचो आणि एकमेकींना हसवायचं नाही असा करार होता. तो शारदाजींनी रोज मोडला.

मशीनवर कमलेश नावाची टेक्निशियन होती. इथल्याच झोटवाड्याची, पंचविशीची, तोंडाची फटकळ. "हिलना मत, आंटीजी," एवढं म्हणून ती दार लावून बाहेर जायची. पुढे पंचवीस मिनिटं मी, छत आणि मशीनची घरघर. दुखत काहीच नाही. जुलाब झाले, मळमळ झाली, तोंडाची चव गेली, पण टेबलावर मला बहुतेक वेळा झोपच यायची.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी मला पडद्यावर दोन चित्रं दाखवली. गाठ निम्म्यावर आली होती. मी घरी येऊन पोटभर रडले आणि मग यांनी केलेली कच्ची खिचडी आनंदानं खाल्ली.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी हरतालिका आली.

लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं मी हा उपास निर्जळी केला होता. नवऱ्याच्या आयुष्यासाठी. त्या वर्षीही तो मोडवेना. मी आजारी, त्यात उपास मोडला आणि यांनाच काही झालं तर? मग माझ्या डोक्यानं एक वाट काढली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. मशीन रोज नवं माप घेतंच ना? मग आज रिकाम्या पोटाचं माप घेईल! यांना सांगितलं की फराळ केलाय. हॉस्पिटलात लघवीला गेले तेव्हा बाटलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. कमलेशनं विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "हाँ, पी लिया."

टेबलावर झोपले. चित्र घेऊन झालं. रोज त्यानंतर मशीन फिरायला लागतं, आज फिरेना. मग दार उघडलं आणि कमलेशच्या मागून डॉक्टरबाई स्वतः आत आल्या.

"पानी नहीं पिया आपने."

खोटं बोलायला जागाच नव्हती, पोटातला उपास पडद्यावर दिसत होता.

"आंत नीचे आ गई है, ठीक वहीं जहाँ सिकाई देनी है. मशीन नया प्लान बना सकती है, आंत उठाकर ऊपर नहीं रख सकती." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्तच लागलं. "पानी पीजिए, नहीं तो आज सिकाई नहीं होगी. कल चतुर्थी की छुट्टी है, फिर शनिवार-इतवार. चार दिन का गैप. मैं नहीं चाहती."

मी बाहेर येऊन यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. उपास मोडला तर यांचं वाईट होईल, नाही मोडला तर माझं. शारदाजींनी माझा पदर नीट केला.

हे उठले. कूलरवर जाऊन बाटली भरून आणली, झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरली. अठ्ठावीस वर्षांत या माणसानं मला पाण्याचा पेला हातात दिला नव्हता. ऑफिसातून आल्यावर पाणी मी द्यायचं, अशीच आमच्या घरची रीत.

"उपास कुणासाठी करतेस?"

"तुमच्यासाठी."

"मग माझं ऐक. मला एकट्याला लांबलचक आयुष्य देऊन काय करणार आहेस? मला खिचडीशिवाय काही येत नाही. तीही कच्ची राहते." त्यांनी बाटली आणखी पुढे केली. "पी गं."

मी प्यायले. रडत रडत सगळी बाटली संपवली.

कमलेश दारात उभी राहून पाहत होती. "लो!" ती म्हणाली. "आंटीजी का करवा चौथ तो आज ही हो गया. चाँद निकला नहीं और अंकलजी ने पानी भी पिला दिया!" इकडे करवा चौथला चंद्र दिसला की नवराच बायकोला पाणी पाजतो. आमच्या हरतालिकेत असलं काही नसतं, पण हे ऐकून अख्खं प्रतीक्षागृह हसलं. हे इतके लाजले की त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. या वेळी मात्र सुलट.

चाळीस मिनिटांनी माझं रेडिएशन झालं. संध्याकाळी वाळूची पार्वती मांडली, पूजा केली आणि तिला झालेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गणपतीही बसले. मोदक यांनी केले. सगळे फुटले.

पंचवीस चौकोनांवर काट बसली. ब्रेकीथेरपी मात्र त्रासाची असते, ते लपवत नाही. भूल देतात, तरी नंतरचे तास अवघड जातात. पण तीन वेळाच होती, निभावली. तीन महिन्यांनी स्कॅन झाला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुछ नहीं दिख रहा. यही देखना था." आतडी शाबूत, मूत्राशय शाबूत. हल्ली मी पाणीपुरीसुद्धा खाते.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर इतकंच सांगते. मशीन खूप करतं, पण अर्धा लिटरचं काम आपलंच असतं. आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नका.

यंदा पुन्हा हरतालिका आली. सकाळी आंघोळ करून पूजेच्या खोलीत गेले, तर पाटाशेजारी, पत्रीच्या परडीला टेकून, तीच बाटली. काठोकाठ भरलेली, झाकण काढून ठेवलेलं. हे बाहेर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

मी सगळं पाणी प्यायले आणि पूजेला बसले. बरोबर चाळीस मिनिटांनी आरती अर्धी टाकून उठावं लागलं. ती यांनी पूर्ण केली.