इंचभर माया

मास्तरांना कशाचंही पोट फाडून बघायची खोड. शिवणयंत्र बिघडलं की कारागीर बोलवायचा, हे साध्या माणसाचं काम. मास्तर ते सगळं खोलणार, पुसणार, परत जोडणार आणि वर दोन स्क्रू उरवणार. चाळीस वर्षं शर्ट बेतण्यात गेली, तरी नवं कापड हातात आलं की कडेचा धागा ओढून, काडीने पेटवून त्याचा वास घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायको म्हणायची, "माझं नशीब थोर, मला अजून उसवून पाहिलं नाहीत!"

अशा माणसाच्या ताब्यात त्यांच्या ताईने आपले गुलाब दिले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, सहा महिने लेकीकडे राहायचं होतं. कुंड्या चारच, पण साधासुधा गुलाब नव्हे. आईने दारात लावलेल्या झाडाच्या काड्या ताईने जगवल्या होत्या. ते घर कधीच दुसऱ्याचं झालं, झाड तोडून तिथे गाडी लावायला फरशी घातली गेली. त्या फिक्या, जरा चुरगळल्यासारख्या पाकळ्यांचा गुलाब पुढे कुठल्याच रोपवाटिकेत दिसला नाही. म्हणजे आईचं म्हणून जे जिवंत उरलं होतं ते या चार कुंड्यांत.

निघताना ताईने गाडीच्या खिडकीतून सूचनांचा सपाटा लावला. पाणी सकाळी, आणि मुळाशी. पानं भिजवायची नाहीत. ऊन सहा तास तरी हवं. कुंडीखालचं भोक तुंबू द्यायचं नाही. थंडी सरताना छाटायचं, बाहेर तोंड केलेला डोळा बघून त्याच्या वर. "आणि छाटताना थोडी माया असू दे रे!" एवढं म्हणेपर्यंत गाडी सुटली.

आता माया म्हणजे काय, हे शिंप्याला कोणी शिकवायला नको. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात ती माया. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. माया न ठेवता मास्तरांनी जन्मात एक बाही कापली नव्हती. डोळा म्हणजे फांदीवरचा बारीक फुगीर ठिपका, जिथून नवा फुटवा येतो. मास्तरांनी टेप काढला, प्रत्येक डोळ्याच्या वर मोजून एक इंच राखला, मगच कात्री चालवली. चारी झाडं कशी इस्त्री केल्यासारखी दिसायला लागली. स्वारी एकदम खूश!

महिन्याभरात त्या इंचभर टोकांना काळं धरलं. आधी टोक, मग डोळा, मग आणखी खाली. बघू, बघू म्हणता म्हणता एक कुंडी गेली, मग दुसरी. तिसरी गेली तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कीड म्हणावी तर दिसेना. पाणी जास्त म्हणावं तर माती बोटभर खाली कोरडी. बायको म्हणाली, "अहो, ताईंना विचारा की." "विचारतो," म्हणाले आणि आठवडाभर फोनकडे पाठ करून बसले. काय तोंडाने सांगणार? आईचा गुलाब माझ्या हातून मरतोय, आणि कशाने ते मलाच ठाऊक नाही?

शेवटी खोड कामाला आली. गिऱ्हाइकाचा अर्धा बेतलेला कोट बाजूला सारून मास्तरांनी मेलेल्या फांद्या टेबलावर मांडल्या. तेवीस काड्या. एकेक ब्लेडने उभी चिरली, शेजारी खडूने नंबर घातला आणि काळं किती उतरलंय ते मोजलं. बावीस काड्यांची एकच तऱ्हा. वर काळं, खाली जरा बरं. म्हणजे रोग मुळातून चढलेला नव्हता, कात्री लागली तिथून उतरलेला होता. तेविसावी मात्र उलटी निघाली. वर ताजी, खाली काळी! मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. मग आठवलं, ही फांदी त्यांनी कापलीच नव्हती. मांजराने उडी मारताना मोडली होती, अगदी डोळ्याला लागून. तिचं टोक छान भरून आलं होतं; ती मेली शेजारणीचं काळं बुंध्यातून आलं म्हणून.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. त्या राखलेल्या इंचावर ना पान ना डोळा, मग रस चढणार कोणासाठी? टोक उपाशी वाळलं, कुजलं आणि खालच्यांना घेऊन गेलं. मांजराला जमलं ते चाळीस वर्षांच्या हाताला जमू नये!

त्यांनी तडक फोन लावला. "ताई, तुझ्या तीन कुंड्या गेल्या."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "कशाने?"

"मायेने." मास्तरांनी सगळं सांगितलं.

"अरे गाढवा! जीव लावून छाट म्हणत होते मी. खसाखसा कापू नकोस, एवढंच!"

"तू शिंप्याला माया सांगितलीस, ताई. मी दुसरं काय ऐकणार?"

ताईला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं. "चौथी?"

"वीतभर उरलीय. काळं उतरतंय."

"आत्ता काप. मी फोनवर आहे."

फोन कठड्यावर ठेवून मास्तरांनी कात्री स्पिरिटने पुसली. पहिला काप दिला.

"काय दिसतंय?"

"आत तपकिरी."

"अजून खाली."

दुसराही तपकिरी. मातीच्या वर पाच बोटं उरली. मास्तरांनी कात्री पुन्हा पुसली. कापड चुकलं तर ताग्यातून दुसरं काढता येतं. याचा तागा कुठून आणायचा?

"ताई, एकच डोळा राहिलाय."

"त्याला लागून काप."

"हात वर सरकतोय गं." खरंच सरकत होता, सवयीने, बरोब्बर इंचभर.

"मग दुसऱ्या हाताचं बोट धर तिथे."

"बोट कापेल."

"कापू दे!" ताई ओरडली.

मास्तरांनी अंगठ्याचं नख डोळ्यावर टेकवलं आणि नखाला घासून कात्री तिरकी दाबली. मग भिंग लावून वाकले.

"पांढरं आहे, ताई. कडेला हिरवं."

त्यानंतर रोज सकाळी भिंग घेऊन कुंडीपाशी बैठक. बायकोने चहाही तिथेच आणून द्यायला सुरुवात केली. तेराव्या दिवशी ठिपका फुगला, लालसर टोक बाहेर आलं. मास्तरांनी चहा तसाच ठेवून फोन उचलला.

"फुटलं, ताई! नेशील तेव्हा बघ."

"नेत नाही," ताई म्हणाली. "कुंडी तुझ्याकडेच राहू दे. फांदी जून झाली की मला एक काडी दे."

"अगं, तुझंच झाड आहे."

"माझं होतं. एकच काडी मागतेय. देशील ना?"

मास्तरांचा हात टेपकडे गेला. त्यांनी विचारलं, "केवढी हवी?"

"ते आता तू मला सांगायचं," ताई म्हणाली.