टेन्शनचा आकडा

माझ्या भाचीच्या नखांच्या कडा निळ्या आहेत. लिंबू चोळून झालं, घासलेट लावून झालं, रंग काही निघत नाही. गल्लीतल्या बायकांनी तिचं नावच 'शाई' ठेवलंय. तिला ते आवडतं म्हणे. खोटं बोलते.

हा रंग तिच्या बापाचा. भावोजी रंगाच्या कारखान्यात टाक्यांवर कामाला होते. पूर्वी कामाचे कपडे तिथेच धुतले जायचे. मग साहेब लोकांनी ते बंद केलं. ज्याचे त्याने घरी न्यावेत. माझ्या बहिणीचे गुडघे धरलेले, म्हणून शाळेत असल्यापासून शाईच मोरीत बसून, त्या कपड्यांवर उकळतं पाणी ओतून, वाफ तोंडावर घेत ते चोळायची.

कारखान्याचा डॉक्टर दरवर्षी रक्त तपासायचा. अंगात कुठे गाठ धरत असेल तर रक्तात एक प्रोटीन वाढतं, ते मोजायचा. भावोजींचा आकडा वाढलेला निघाला. डॉक्टरचा पगार कारखान्याचा, त्यामुळे टाक्यांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

"घरी काही टेन्शन?" त्याने विचारलं.

"पोरगी बाहेरगावी नोकरीला जाते म्हणते," भावोजी म्हणाले.

"मग त्याचंच. टेन्शनने वाढतं हे. मन शांत ठेवा."

टेन्शनने आकडा जरा हलत असेलही. पण रंगाच्या वाफेने तो वर्षानुवर्षं चढत होता, हे सांगायला त्याची जीभ झडली होती का? नोकरीला जायला भरलेली बॅग शाईने रिकामी केली. घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. पुढच्या तपासणीत आकडा थोडा उतरला. त्याआधी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "बघ, तू राहिलीस म्हणून," बहीण लेकीला म्हणाली.

मग तो पुन्हा चढला. आता शाईचा पडलेला चेहरा आडवा आला.

"हसत जा की जरा! बापाच्या जिवावर उठलीस का?" बहीण तिला म्हणायची.

पोरगी हसू लागली. वाढताना हसायची, ते कपडे चोळताना हसायची. मला बघवत नसे. भावोजी मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले, तेव्हाही तिच्या तोंडावर ते सवयीचं हसू होतं. थोरल्या काकांनी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. "हिनेच घोर लावून मारलं त्याला," म्हणाले.

कारखान्याने मेहेरबानी केली आणि शाईच्या भावाला बापाच्या जागेवर घेतलं.

परवा शाईला लघवीतून रक्त गेलं. मी तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. कामगारांच्या घरच्यांना तो फुकट तपासतो. तिचाही आकडा वाढलेला. त्याने चष्मा पुसला.

"घरी काही टेन्शन?"

"आहे ना," शाई हसली. "आता कुणाची नोकरी मोडायला सांगू?"

"अहो, तिचे हात बघा!" मी ओरडले. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी बहिणीने सगळं ऐकलं. रडली, लेकीला पोटाशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"जास्त विचार करू नकोस गं. विचारानेच वाढतं ते," ती म्हणाली. मग मोरीकडे बघून म्हणाली, "ऊठ आता. दादाचे कपडे भिजत घातलेत, पाणी निवेल."