बांधावरचा एकला तेरडा

लढाईची वर्षं होती. मी मलकापुरात नवा मास्तर होतो आणि आमच्या संसारातली पहिली गौर यायची होती. शाळा सुटेस्तोवर गौर म्हणून पुजायचा तेरडा बाजारात संपला, म्हणून मी रानात गेलो. एका बांधावर एकच गुलाबी रोप उभं होतं. मी ते उपटणार, तोच गवत कापणारी एक म्हातारी ओरडली, "आवं मास्तर, ऱ्हाऊ द्या! एकली हाय ती. एकलीला न्हेत न्हाईत. मग बी कोण टाकंल?"

घरी बायको वाट बघत होती. मी वैतागलो, पण म्हातारी विळा कमरेला खोचून पुढं निघालीसुद्धा. ओढ्यापर्यंत तिनं मला चालवलं. महिन्यांची नावं तिच्या बोलण्यात नव्हतीच.

"पळस फुलला तवा ल्योक पलटणीत गेला," ती म्हणाली. "दोनदा आपटा वाटला. त्याच्या वाटणीची पानं गाडग्यात ठेवल्यात."

ओढ्याकाठी तेरडा दाटला होता. तिनं एका रोपावरून हात फिरवला, "चल बाई, घरला," म्हणाली आणि ते मुळासकट असं अलगद उपटलं, की एक फूल गळलं नाही.

पुढच्या भादव्यात मी मुद्दाम त्याच बांधावर गेलो. पंधरा-वीस रोपं डोलत होती. पलीकडं म्हातारी पाठमोरी गवत कापत होती. वर्गात वनस्पतिशास्त्र शिकवणारा मी, एका रोपावरून हात फिरवून हळूच म्हणालो, "चल बाई, घरला."

पलीकडं विळा थांबला.