विहिणीच्या पंगतीतला घास

माझं तोंड धरलं होतं. डाव्या हातात माझी हनुवटी, उजव्या हातात तुपाने निथळणारा मांड्याचा घास. धरणारी माझी विहीण. फोपनार गावचं घर, केळीच्या बागा, दारात दोन ट्रक. लेकीच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती आणि त्यांच्या अंगणात व्याहीभोजनाची पंगत बसली होती.

"घ्या विहीणबाई. आमच्या घरचा घास नको का?"

मी मान हलवली. तोंड गच्च मिटलं. मागच्या बायांनी गाणं धरलं. पंगतीत विहिणीला गाण्यातून चिडवायचं, ही आमच्याकडची रीत. त्याचा राग धरायचा नसतो.

विहीणबाई बसली, पाट मोडला,
वाढता वाढता हात मोडला.

अख्खं अंगण हसलं. मीही हसले. जन्मभर हेच केलं. कुणी जाडी म्हटलं की आपणच आधी हसायचं, म्हणजे कमी लागतं. हसायला तोंड उघडलं आणि घास आत गेला.

मी बुऱ्हाणपुरात ब्लाउज शिवते. दुनियेची मापं घेते. माझं माप मात्र सगळ्या गावाने न विचारता घेतलं. त्या पंगतीच्या दोन महिने आधी इंदूरला माझं ऑपरेशन झालं होतं. जाडी कमी करायचं. हौस नव्हती हो. शुगर हाताबाहेर गेली होती, गुडघे जिना चढू देत नव्हते. डॉक्टरांनी पोट कापून लहान केलं. आता लहान वाटीत मावेल तेवढंच जेवण, तेही चावून चावून. आधी डाळ, पनीर, अंडं, मग जागा उरली तर बाकीचं. गोड बंद, तुपकट बंद. पाणी दिवसभर घोट घोट, पण जेवताना अजिबात नाही. गोळ्या जन्मभर.

हे माहीत फक्त माझ्या नवऱ्याला आणि माझ्या लेकीला, वर्षाला. बाकी सगळ्यांना सांगितलं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. नाहीतर लोक म्हणाले असते, खाऊन खाऊन फुगली आणि आता पोट कापून आली. एवढ्या एका वाक्याला मी घाबरले. वर्षाला तर मी माझ्या गळ्याची शपथ घातली होती, सासरी बोलशील तर याद राख.

तो घास छातीत अडकला. विहीणबाईंनी दुसरा भरवला. "एवढ्या अंगाला एवढंसं पुरतं होय? पाणी द्या गं यांना." कुणीतरी पेला तोंडाला लावला. मी प्यायले. नाही कसं म्हणणार, मुलीची आई ना मी.

दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, हातपाय थरथरायला लागले. आणि भर पंगतीत मी ओकले. ताटात. पाटावर. विहीणबाईंच्या साडीच्या काठावर.

गाणं थांबलं. शेजारच्या बाईने आपलं ताट ओढून घेतलं.

"अन्नाचा असा अपमान आमच्या अंगणात आजपर्यंत कुणी केला नाही," विहीणबाई म्हणाल्या. मग मान वळवून, "वर्षा, उचल तुझ्या आईचं."

माझी पोर आली. मेंदीचे हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा. खाली बसली आणि त्याच हातांनी तिने ते सगळं भरलं. मी उठायला गेले, उठता येईना. नवरा पुरुषांच्या पंगतीतून धावत आला, कानाशी म्हणाला, "पित्त म्हण, पित्त." मी म्हणाले, "पित्त खवळलं." आणि माझ्याच वयाच्या त्या बाईच्या पाया पडले. माफ करा म्हणाले. कशाची माफी? मला आज विचाराल तर सांगता येत नाही. तेव्हा मात्र धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

घरी आल्यावर मी पाणीही चोरून प्यायला लागले. बाटली मशीनखाली, कपड्यांच्या ढिगाआड. गिऱ्हाईक समोर असलं की हात जात नसे. सारखं पाणी पिताना बघितलं की बाया विचारतात, काय झालंय गं तुला? त्यापेक्षा तहान बरी. ओठ फुटले. लघवी हळदीसारखी पिवळी झाली. डाळही नकोशी झाली, केस मुठीमुठीने गळायला लागले. एका दुपारी बाही जोडता जोडता मशीनवरच कलंडले.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण तडकल्या. "पाणी का पीत नाही?"

"लोक विचारतात."

"ऑपरेशन पोटाचं झालंय ना? तोंडाचं नाही. मग सांगा की!"

संध्याकाळी वर्षा आली. उशाशी बसली, म्हणाली, "आई, सासूबाई रोज बोलतात. आई माजोरडी, म्हणून लेक माजोरडी. घरचं अन्न थुंकणारी जात म्हणतात. मी चूपचाप ऐकते, तुझी शपथ आहे म्हणून. आता नाही सहन होत."

माझी लाज माझ्याजवळ राहील असं मला वाटलं होतं. ती माझ्या लेकीच्या ताटात जाऊन बसली होती. मी शपथ सोडवली. "पण तू बोलू नको," म्हटलं. "मी बोलते."

वर्षाच्या नणंदेचं लग्न निघालं. तेच अंगण, तीच पंगत. पाण्याची बाटली मी या वेळी लपवली नव्हती, मांडीवर उभी ठेवली होती. ताटाशेजारी माझी डबी, त्यात पनीर आणि मुगाची उसळ. बायांच्या कोपरखळ्या दिसत होत्या. कान गरम झाले होते.

विहीणबाई घास घेऊन आल्याच. "या वेळी तरी पचवा, विहीणबाई." हशा झाला.

मी हसले नाही. त्यांचं मनगट धरलं.

"विहीणबाई, माझं ऑपरेशन पित्ताचं नव्हतं. जाडीचं होतं. पोट कापून लहान केलंय. तुम्ही भरवलं ते मला पचणार नव्हतं. मी खोटं बोलले. माझ्या पोरीने काही केलेलं नाही."

कुठेतरी एक भांडं वाजलं. विहीणबाईंनी डोळे मोठे केले. "अगं माय! चारचौघांत सांगायला लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणाले. "आत्ताही वाटतेय."

मागून कुणीतरी हळूच पाट मोडल्याचं गाणं धरलं. दोघी-तिघींनी सूर मिळवला. वर्षा वाढायचं भांडं खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती उठली नाही.

मी विहीणबाईंचं मनगट सोडलं. डबी उघडली, आधी पनीर खाल्लं. बारीक तुकडा, चावून चावून, सगळ्यांच्या देखत. बाटली तशीच मांडीवर होती, जेवण झाल्यावरही पाणी प्यायला अर्धा तास थांबावं लागतं. तो वेळ मी पाटावरच काढला. पंगत उठली, मी उठले नाही. मग झाकण काढलं आणि घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

विहीणबाईंच्या हातातला घास माझ्या तोंडात गेलाच नव्हता. त्यांनी तो केव्हाच ताटात टाकला होता. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. न बोलोत. माझ्या तोंडाला पुन्हा कुणी हात लावला, तर मी तो हात धरेन.