बहात्तराव्या अक्षरापुढे

रामटेके सरांची नि माझी ओळख बोलणी खाऊन झाली. सदर भागातल्या आमच्या संगणक केंद्रात परीक्षांचे निकाल तयार होत. सर प्रोग्राम लिहीत, मी गुण भरणारी ऑपरेटर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "कॉम्प्युटर चुकत नाही ना, सर?" ते कडाडले, "चुकतो आपण, बाई! तो आपली चूक इमानदारीनं हजारदा करते." पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सरांच्या विद्वत्तेवर जाणकार लिहितीलच. मला ऐंशीच्या दशकातला एक वाईट उन्हाळा सांगायचा आहे.

नरखेडकडचे एक शेतकरी आले. त्यांच्या कुंदाला निकालात नापास दाखवलं होतं आणि त्याच आठवड्यात तिने जीव दिला होता. "पोरगी त गेली जी," ते म्हणाले. "पर कुंदा नापास होणारी नव्हती. तापात होती म्हून तिचं प्रॅक्टिकल मागून झालं, म्या सोता नेलं तिले. पास होती का नाही, एवढं सांगा." आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं: हिनेच गुण चुकीचे भरले असतील. सर एवढंच म्हणाले, "आधी पाहू द्या."

प्रोग्राम जिथे लिहितात त्या एडिटरात बेरजेची ओळ वाचली, तर बेरीज बिनचूक दिसे: लेखी, प्रात्यक्षिक आणि शेवटी मागाहून दिलेल्या प्रात्यक्षिकाचे गुण. डीबगर तोच प्रोग्राम ओळीओळीला थांबवून आतले आकडे दाखवतो. तिथे मी भरलेले गुण बरोबर होते, पण बेरजेत ते शेवटचे गुण येतच नव्हते. सर पुन्हा एडिटरात, पुन्हा डीबगरात. अखेर त्यांनी काचेवर बोट टेकवून त्या ओळीतली अक्षरं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या प्रोग्रामच्या भाषेत ओळीतल्या बहात्तराव्या अक्षरापुढचं काहीच यंत्र वाचत नसे. पडद्यावर मात्र ओळ पुरती दिसे. शेवटचे गुण नेमके त्या हद्दीपलीकडे पडले होते. ती ओळ सरांनी स्वतः लिहिलेली होती.

"मुलगी पास होती," ते सर्वांसमोर म्हणाले. "चूक माही आहे." साहेबांचा सल्ला होता, गुपचूप दुरुस्त करा. सरांनी तो धुडकावला, एसटी धरली आणि कुंदाच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. मी सोबत होते. मला त्या माणसांकडे बघवत नव्हतं. वडील म्हणाले, "तुम्ही लय जगा, साहेब. पर तिले इसरू नका."

सरांची बढती गेली. दर उन्हाळ्यात मात्र ते त्या घरी जात राहिले, कुंदाचे वडील गेल्यावरही.

शुभेच्छा द्यायला माझ्याजवळ त्या बापाहून मोठे शब्द नाहीत. सर, तुम्ही लय जगा, धडधाकट जगा. विसरणं तर तुम्हाला कधी जमलंच नाही.